काळजीचं कारण नाही

जुलै २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "आई, आपलं रक्त घेतायत आता. नियम काढून टाकला." मी भाजी चिरत होते. सुरी बाजूला ठेवली आणि जरा वेळ खुर्चीत बसून राहिले.

एवढ्याशा बातमीनं बसावंसं का वाटलं, ते सांगायचं तर मागं जायला हवं.

मी कोल्हापूरची. आमच्या पेठेत तालमीच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असायचं आणि वडील दरवर्षी पहिल्या चार-पाच जणांत नाव घालायचे. कोपराच्या आत कापसाचा बोळा दाबून घरी यायचे, तेव्हा आम्हा भावंडांना ते लढाईवरून आल्यासारखे वाटायचे. रक्त द्यायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. घरात होतंच ते.

२००१ मध्ये आम्ही मेलबर्नला आलो. लेक कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींबरोबर रक्त द्यायला गेली आणि तशीच परत आली. फॉर्मवर एक प्रश्न होता : १९८० ते १९९६ या काळात तुम्ही ब्रिटनमध्ये एकूण सहा महिने किंवा त्याहून जास्त राहिला आहात का? आम्ही राहिलो होतो. सप्टेंबर १९९० पासून पुढे. मांस खाता का, कोणतं खाता, हे तिला कुणी विचारलंच नाही. पुढं मीही एकदा जाऊन पाहिलं. खिडकीमागची बाई अदबीनं म्हणाली, "तुमच्या रक्तात काही आहे, असं आम्ही म्हणत नाही. पण नाही, असंही आम्हाला सांगता येत नाही."

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. इतकं सरळ वाक्य ब्रिटनमध्ये राहत होतो तेव्हा आमच्या कानावर यायला हवं होतं, एवढंच वाटलं.

नवऱ्याची पहिली नोकरी सॉमरसेटमधल्या एका इस्पितळात होती. घर मिळालं ते एका शेतकऱ्याच्या आवारात. लेक जेमतेम वर्षाची होती. त्या परक्या थंडीत मला आपलं वाटलं ते फक्त गोठ्यानं. शेणाचा, ओल्या वैरणीचा आणि दुधाचा वास सगळीकडे सारखाच असतो. घरमालकाच्या ऐंशीएक काळ्या-पांढऱ्या गाई होत्या. धारा यंत्रानं काढायचे, पण प्रत्येक गाय तो चालीवरून ओळखायचा. मी लेकीला कडेवर घेऊन संध्याकाळी तिथं जाऊन उभी राहायची. माझ्या माहेरी दोन म्हशी होत्या हे कळल्यावर त्यानं मला एक उलटी ठेवलेली बादली बसायला दिली आणि ती जागा माझी झाली.

१९९२ च्या हिवाळ्यातली गोष्ट. पाच वर्षांची एक गाय धारेला येताना दारातल्या नालीपाशी थांबायला लागली. पाणी जायला काँक्रीटमध्ये काढलेली वीतभर रुंदीची नाली. जन्मभर ती ओलांडत आलेली होती. आता पुढचा पाय उचलायची, हवेतच धरायची आणि परत मागं ठेवायची. कान थरथरायचे. खांद्यावरची कातडी, माशी बसल्यावर हलते तशी हलायची, पण डिसेंबरात माशी कुठली? मागच्या गाई ढकलायला लागल्या की ती दचकून लाथ मारायची. घरमालकानं तिला मारलं नाही, ओरडला नाही. त्यानं रबराची एक जुनी चटई आणून नालीवर टाकली. दोन दिवस ती चटईवरून आली. तिसऱ्या दिवशी चटईवरच तिचे मागचे पाय फाकले आणि ती बसली. उठायचा प्रयत्न करताना तिनं आमच्याकडे पाहिलं. ते डोळे मोठे होते, ओळख नसलेले.

तो इतकंच म्हणाला, "ही चौथी."

सरकारी डॉक्टर आले आणि गाय गेली. जिवंत जनावराची तपासणी करून हा रोग ठरवता येत नव्हता. मेल्यावर मेंदू काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथं काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मेंदूत स्पंजासारखी भोकं दिसली की उत्तर आलं. काही आठवड्यांनी पत्र आलं. भरपाई मिळाली. त्या जानेवारीत ब्रिटनमध्ये दर आठवड्याला हजारच्या आसपास गाईंबद्दल अशी पत्रं जात होती.

रोगाचं नाव बोव्हाईन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपथी, बीएसई. वर्तमानपत्रांनी त्याला 'मॅड काऊ' केलं. मला ते नाव कधीच आवडलं नाही. ती गाय वेडी झाली नव्हती, तिला पाय कुठं ठेवायचा हे कळेनासं झालं होतं.

सुरुवात झाली डिसेंबर १९८४ मध्ये, ससेक्समधल्या एका गोठ्यात. पाठ कमानीसारखी झालेली, वाळत चाललेली, मान थरथरणारी एक गाय पाहायला डॉक्टर गेले. तिचा नंबर १३३. ती फेब्रुवारीत मेली. पुढं आणखी गाई तशाच गेल्या आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेनं हा नवा रोग आहे हे ओळखलं. तिथले साथतज्ज्ञ जॉन वाईल्समिथ यांनी वर्षभरात गोठ्यागोठ्यांतली माहिती जुळवून पाहिली. या गाईंमध्ये समान अशी एकच गोष्ट निघाली : खुराक. कत्तलखान्यात उरलेली हाडं, आतडी, मांसाचे तुकडे शिजवून, चरबी वेगळी काढून जो भुगा उरतो, तो प्रथिनांसाठी पशुखाद्यात घालत असत. दुभत्या जातीच्या वासरांना आणि गाईंना खुराक जास्त लागतो, म्हणून तो त्यांच्याच पोटात जास्त गेला. रोगी गाय मरे, तिचा भुगा होई आणि तो दुसऱ्या वासरांच्या गव्हाणीत येई.

यातलं रोगाचं मूळ म्हणजे प्रायॉन. जंतू नाही, विषाणू नाही. शरीरातलंच एक प्रथिन, पण चुकीची घडी पडलेलं. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तीच चुकीची घडी घालायला लावतं. स्वयंपाकाच्या आचेनं ते मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. हे मांडणाऱ्या स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. गाय आजारी पडायला रोगी मेंदूचा एक ग्रॅमसुद्धा लागत नाही, आणि पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात. आमच्या नालीवरच्या गाईनं तो घास वासरू असताना खाल्लेला असणार.

मी घरमालकाला विचारलं होतं, पोत्यात काय असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं का? तो म्हणाला, पोत्यावर प्रथिनं किती टक्के तेवढं लिहिलेलं असायचं. मला माझी आजी आठवली. शेंगपेंड आली की ती ढेपेचा तुकडा मोडायची, वास घ्यायची, दाताखाली धरायची आणि मग म्हणायची, "आण आंबोण भिजवायला." कुबट लागली तर पोतं परत. आजी शहाणी आणि तो बेफिकीर, असं मला म्हणायचं नाही. त्याच्या हातात जे पोतं येत होतं, त्यातलं काहीच दाताखाली धरून कळण्यासारखं उरलं नव्हतं. आता आमच्या माहेरीही कांडीचीच पोती येतात, आणि त्यावरही टक्केच लिहिलेले असतात.

जुलै १९८८ मध्ये गाई-मेंढ्यांना हा भुगा चारायला बंदी झाली. मग माणसांचं काय? सरकारनं ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ सर रिचर्ड साउथवुड यांची समिती नेमली. फेब्रुवारी १९८९ च्या अहवालात तिनं म्हटलं, माणसाला यापासून धोका असण्याची शक्यता फार दूरची आहे. आणि त्यालाच जोडून म्हटलं, आमचा हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. दोन्ही वाक्यं एकाच अहवालातली. पहिलं वाक्य पुढची सात वर्षं मंत्र्यांच्या भाषणांत आलं, पत्रकांत आलं, टीव्हीवर आलं. दुसरं कुठं गेलं? मी त्या देशात दहा वर्षांहून जास्त राहिले, रोज पेपर वाचला, आणि ते माझ्या वाचनात आलं ते खूप उशिरा, चौकशी झाल्यावर.

मे १९९० मध्ये ब्रिस्टलचं एक सयामी मांजर अशाच रोगानं मेल्याचं निघालं. रोग गाईतून दुसऱ्या जातीत गेला असणार, या विचारानं लोक घाबरले, कितीतरी शाळांनी जेवणातून गोमांस काढलं. त्याच महिन्यात शेतीमंत्री जॉन गमर यांनी एका प्रदर्शनात कॅमेऱ्यांपुढं आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायला घेतला. आम्ही पोहोचलो तेव्हा ते चित्र अजून ताजं होतं. काळजीचं कारण नाही, हे त्या काळातलं वाक्य होतं. इस्पितळात, शाळेच्या दारात, खाटकाच्या काचेवर.

त्या माणसांना खोटारडे म्हणायला माझी जीभ वळत नाही. सरकारनं या प्रकरणी नेमलेल्या न्यायाधीश लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीनं ऑक्टोबर २००० मध्ये सोळा खंडांचा अहवाल दिला. त्यातही सरकार जाणूनबुजून खोटं बोललं असा निष्कर्ष नाही. धोका नाही यावर त्यांचा खरंच विश्वास होता, आणि लोक उगाच घाबरतील, धंदा बुडेल, याची त्यांना जास्त धास्ती होती. नवऱ्यानं लायब्ररीतून त्यातले दोन खंड आणले होते. तो झोपला, मी वाचत बसले. एका ठिकाणी आले आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी समजत होते की 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य खाणाऱ्यांसाठी होतं. पण ते सुरी धरणाऱ्यांनीही ऐकलं होतं.

नोव्हेंबर १९८९ पासून गाईचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, आतडी असे अवयव माणसाच्या खाण्यात येऊ द्यायचे नाहीत, असा कायदा होता. माणसांना वाचवणारी खरी भिंत ती. पण ही निव्वळ जादाची खबरदारी आहे, असंच वरून सांगितलं जात होतं. मग कत्तलखान्यात दिवसभर उभा राहून अर्धवट उजेडात धडामागून धड फाडणारा माणूस, मणक्याच्या खोबणीत चिकटलेली ती पांढरी दोरी शेवटच्या इंचापर्यंत का खरवडेल? १९९५ मध्ये न सांगता तपासण्या झाल्या, तेव्हा मज्जारज्जूचे तुकडे लागलेली धडं शिक्का मारून बाहेर पडताना सापडली. मणक्यांवर उरलेलं मांस यंत्रानं दाबून काढायचे आणि ते स्वस्त बर्गर, सॉसेजांत जायचं. मणक्यांपासून असं मांस काढायला बंदी झाली डिसेंबर १९९५ मध्ये.

खाद्याच्या गिरण्यांतही हेच. गाईंसाठी बंद केलेला भुगा डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात चालूच होता. तीच गिरणी, तीच यंत्रं. चिमूटभर इकडचं तिकडे गेलं तर काय होतंय, असं ज्याला वाटलं त्याला तसं वाटायला लावणारे वरच बसलेले होते. बंदीनंतर जन्मलेल्या चाळीस हजारांहून जास्त गाईंना हा रोग झाला. भय पसरू नये म्हणून जे बोललं गेलं, त्यानं भीती बाळगायलाच हवी होती त्या हातांतली भीती काढून घेतली. मला हे आजही माफ करता येत नाही.

१९९३ मध्ये आम्ही लेस्टरला आलो. तिथं गुजराती दुकानं, आपली भाजी, आपली पिठं, सगळं होतं, आणि सॉमरसेटचा गोठा लांब राहिला. आम्ही घरी गोमांस खात नव्हतो, म्हणून मी निर्धास्त होते असं नाही. जेली, कॅप्सूल, सूपच्या वड्या, कशाकशात काय जातं ते मी डबे उलटे करून वाचायची. शाळेला चिठ्ठी दिलेली होती. १९९५ मध्ये लेकीच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. न्यायला गेले तर सहा-सात पोरं टेबलाभोवती, कागदी टोप्या घातलेली, आणि माझ्या पोरीच्या हातात अर्धा खाल्लेला बर्गर. तिच्या मैत्रिणीची आई प्रेमळ बाई होती. तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी काही बोलले नाही. घरी आल्यावर नवऱ्यालाही सांगितलं नाही. धर्म बाटला वगैरे माझ्या मनात आलं नाही; आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच तिकडे वळतो, म्हणून मुद्दाम सांगते. माझ्या मनात ती नाली आली आणि हवेत धरलेला पाय.

२० मार्च १९९६. बुधवार होता. आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल संसदेत उभे राहिले आणि म्हणाले की क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगाचा नवा प्रकार दहा जणांमध्ये आढळला आहे, सगळे ४२ वर्षांच्या आतले, आणि याचा गाईंच्या रोगाशी संबंध असणं सर्वांत संभवनीय दिसतं. पहिला मुलगा १९ वर्षांचा होता, आदल्या वर्षीच्या मे महिन्यात गेलेला. आधी उदास राहणं, चिडचिड, पाय दुखणं. मग तोल जाणं, मग माणसं न ओळखणं. आठवड्याभरात युरोपनं ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद केली. तीस महिन्यांवरचं कुठलंही जनावर माणसाच्या खाण्यात जाणार नाही असं ठरलं आणि पुढच्या काही वर्षांत चाळीस लाखांहून जास्त गुरं मारून नष्ट करण्यात आली.

मी सॉमरसेटला फोन लावला. घरमालक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मीच चारलं त्यांना." मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "हो. पण चारलं मी." दोन वर्षांनी त्यानं गोठा मोडला.

लेस्टरजवळच क्वेनिबरो नावाचं गाव आहे. त्या गावात आणि आजूबाजूला मिळून पाच जण या नव्या रोगानं गेले. मार्च २००१ मध्ये स्थानिक आरोग्याधिकाऱ्यांनी कारण शोधलं : ऐंशीच्या दशकात तिथले काही खाटीक गाईचं डोकं फोडून मेंदू काढत आणि त्याच सुऱ्या, तेच ठोकळे बाकीच्या मांसाला वापरत. पिढीजात पद्धत होती, त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्या गावावरून आमची बस जायची. आम्ही त्याच वर्षी देश सोडला, पण त्या कारणानं नव्हे.

ब्रिटनमध्ये या रोगानं १७८ माणसं गेली. एके काळी लाखो जातील असे अंदाज होते. तसं झालं नाही, हे केवढं नशीब. तरी १७८ घरं आहेत ती. आणि गोष्ट तिथं पुरी झाली नाही. २०१३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेली ३२,४४१ अपेंडिक्स तपासली, त्यांतल्या १६ मध्ये ते वेडंवाकडं प्रथिन सापडलं. दोन हजारांत एक. ती माणसं आजारी नव्हती, कदाचित कधी पडणारही नाहीत. पण रक्तातून हा रोग गेल्याची उदाहरणं ब्रिटनमध्येच घडली होती, आणि दात्याच्या रक्तात तो आहे की नाही हे सांगणारी रोजच्या वापरातली चाचणी नव्हती. म्हणून फॉर्मवरचा तो प्रश्न. एक इंग्लिश सहकारी, एक जन्माची शाकाहारी मराठी डॉक्टरीण आणि मी, तिघींना एकच उत्तर मिळालं होतं. मला ते बरोबर वाटलं. इतकी वर्षं लोटली, नवे रुग्ण जवळपास थांबले, धोका मोजता येण्याइतका लहान झाला, आणि मग नियम काढला. आधी सांभाळलं, मग मोजलं, मग सोडलं.

ऑगस्टमधल्या शनिवारी आम्ही दोघी गेलो. फॉर्म भरताना माझी नजर तो प्रश्न शोधत राहिली. शेजारशेजारच्या खुर्च्या मिळाल्या. नर्सनं विचारलं, पहिलीच वेळ का? सत्तावन्नाव्या वर्षी मी हो म्हटलं. सुई गेली, नळी लाल झाली, आणि वडिलांचा तो कापसाचा बोळा आठवून माझे डोळे भरले.

लेक तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. छताकडे बघत म्हणाली, "आई, मला तो वाढदिवस आठवतो."

"कुठला?" मी म्हटलं, कळूनही.

"लेस्टरचा. कागदी टोप्या होत्या. तू न्यायला आलीस आणि बाहेर फुटपाथवर गुडघ्यावर बसून माझं तोंड पुसलंस. मग परत पुसलंस. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं केलं."

मी तिच्याकडे हात लांबवायला गेले, पण सुई होती. नर्स म्हणाली, हात सरळ ठेवा. दोघींच्या मधल्या छोट्या यंत्रावर पिशवी सावकाश डोलत होती, निम्मी भरली होती.